छापून झाल्यावरचं डिजिटल

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 या काळात जिथे शाळामास्तर होते ते शिरोडं तेरेखोल नदीकाठच्या आरोंद्याहून फार लांब नाही. जयवंत दळवींची आरवलीही तिथलीच. या पट्ट्याने मराठीला लेखक भरपूर दिले, पण त्यांची पुस्तकं आजही पुण्या-मुंबईहून यायची वाट पाहावी लागते. तेरेखोलच्या काठावरच्या अशा वाचकासाठीच डिजिटल प्रकाशन आहे, असं आपले प्रकाशक व्यासपीठावरून सांगत असतात. प्रत्यक्षात त्याच्या फोनवर काय पोहोचतं?

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली डिसेंबर 2016 मध्ये आणि पुढच्याच वर्षी ऐकायच्या पुस्तकांचं स्टोरीटेल आलं. आज बहुतेक मोठ्या प्रकाशकांकडे ई-पुस्तकांची यादी आहे. मात्र त्यातलं बहुतेक सगळं छापील पुस्तकाची सावली आहे. आधी पडद्यासाठी लिहून घ्यायचं, त्यासाठीच संपादन करायचं आणि कागदाचा विचार नंतर करायचा, हे धाडस फार थोड्यांनी केलं. त्यात ठळक नाव ‘साधना’चं. 1948 पासून चाललेल्या या साप्ताहिकाने ऑगस्ट 2019 मध्ये ‘कर्तव्य’ सुरू केलं. साने गुरुजींच्या अल्पजीवी सायंदैनिकाचं नाव घेऊन आलेलं हे डिजिटल व्यासपीठ अंकातला मजकूर पुन्हा चढवण्यापुरतं राहिलं नाही, त्याने स्वतःचे लेखक आणि विषय शोधले. स्टोरीटेलने ऐकण्यासाठीच मालिका लिहून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच मला ताणलेल्या वाटतात, निवेदकाचा आवाज लेखनाला सांभाळून घेतो. तरी नवं काही करून पाहिलं, हे मान्य करायला हवं.

बाकीच्यांचं घोडं अडतं ते जुन्या फायलींत. वर्षानुवर्षं पुस्तकं श्रीलिपीसारख्या फॉन्टांत लावली गेली. त्यांत ह्रस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. मजकूर यंत्राने बदलला की जोडाक्षरं विस्कटतात, आणि दुसऱ्यांदा मुद्रितशोधन करायला पैसे नसतात. मालवणी संवादांची तर दैनाच! चूक कुठली आणि बोली कुठली, हे मालवणी न येणाऱ्याला कसं कळणार?

करारांचा गुंता वेगळाच. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनुसार, करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, प्रकाशकाकडे जात नाहीत. त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी लेखकाच्या वारसांना गाठावं लागतं आणि काही घरांत वारसांचंच आपसांत पटत नाही.

सरकारनेही कागदाचीच बाजू घेतली. जुलै 2018 मध्ये ई-पुस्तकांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण छापील आवृत्ती असलेल्यांपुरताच. जे पुस्तक पडद्यासाठीच जन्मलं, त्याला सवलत नाही. छापील पुस्तकावर तर हा कर मुळीच नाही. अशा हिशेबात डिजिटल आधी करायला कोण पुढे येईल?

तरीही सगळा दोष कराचा नाही. वेगळा संपादक न नेमता, डीटीपीवाल्याकडून फाईल घेऊन ती विक्रीला चढवणं म्हणजे डिजिटल विभाग, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रकाशकांनी निदान एका नव्या लेखकाचं पुस्तक आधी फोनसाठी करावं, त्याला स्वतंत्र संपादक द्यावा, आणि मानधनाचा आकडा करारातच लिहावा.