बुडालेल्या बोटींची स्मृती आणि तिची वाङ्मयरूपे : ‘रामदास’, ‘वीजळी’ आणि ‘तिलावा’

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात सापडली. आत शिरणारे पाणी पाहून घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले, बोट कलली आणि पाहता पाहता उलटली. दिवस आषाढ अमावस्येच्या तोंडावरचा. मुंबईत कामाला असलेली आणि सणासाठी गावी निघालेली माणसे बोटीवर होती. मृतांचा आकडा सव्वासहाशे ते सातशे यांच्या दरम्यान निरनिराळा दिला जातो. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. काही प्रवासी पोहून किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. पुढे महिन्याभराच्या आत स्वातंत्र्य आले, फाळणी आली आणि या मृत्यूंना वर्तमानपत्रात पुरेशी जागाही उरली नाही.

या दुर्घटनेची हकीकत पुन्हा सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. बुडालेले जहाज ज्या वाङ्मयरूपांतून समाजाच्या स्मरणात उरते, ती रूपे इतिहासाचे काय करतात, हा येथील प्रश्न आहे.

‘रामदास’चे मराठीतील स्मरण मुख्यतः स्मरणलेखाच्या रूपात टिकले. जुलै महिना आला की असे लेख प्रसिद्ध होतात आणि त्यांतील बऱ्याच लेखांत एक उपमा हमखास येते : ‘भारताची टायटॅनिक’. ही उपमा जितकी सोयीची तितकीच घातक आहे. टायटॅनिक आठवणीत राहिली ती केवळ तिच्या भव्यतेमुळे नव्हे. १९१२ मध्येच अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत तिची चौकशी झाली, वाचलेल्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या आणि १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. वॉल्टर लॉर्ड यांचे १९५५ चे पुस्तक वाचलेल्यांच्या कथनांवर उभे आहे; १९८५ मध्ये सापडलेले अवशेष आणि १९९७ चा चित्रपट हे त्यानंतरचे. मराठी लेखक या परंपरेतून हळहळ तेवढी उचलतो. साक्षी नोंदवण्याची शिस्त मात्र मागेच राहते. शिवाय पहिल्याच सफरीत बुडालेले महासागरी जहाज आणि पावसाळ्यात खाडीपलीकडे माणसे नेणारी किनारी बोट यांची जातकुळीच वेगळी. ‘रामदास’ची खरी तुलना व्हायला हवी ती तिच्याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटींशी. त्या दोन्ही नोव्हेंबर १९२७ मध्ये बुडाल्या होत्या. वीस वर्षांत त्या अनुभवातून काय शिकले गेले, हा प्रश्न स्मरणलेखांत क्वचितच विचारला जातो. कारण उघड आहे : टायटॅनिकच्या शेजारी ‘तुकाराम’चे नाव शोभत नाही.

गुजरातीने हेच काम गीताकडे सोपवले. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी होते. त्या विलापाची गीते लोकमुखी झाली, झवेरचंद मेघाणी यांनी ती संग्रहित केली आणि पुढे गुणवंतराय आचार्य यांनी त्यावर कादंबरी लिहिली. सव्वाशेहून अधिक वर्षे ही बोट गुजराती कानांत जिवंत आहे, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि या गीताने किंमतही वसूल केली. ज्या हाजी कासमचे नाव बोटीला कायमचे चिकटले, तो तिचा कप्तान नव्हता. पोरबंदरच्या तिकीट व्यवहाराशी त्याचा संबंध होता, असे संशोधक सांगतात. गीताला संबोधण्यासाठी कोणीतरी माणूस लागतो. बोटीची मालकी असलेल्या कंपनीला हाक मारून विलाप करता येत नाही. त्यामुळे लोकस्मृतीत जबाबदारी एका नावावर स्थिरावली आणि कंपनी निसटली.

‘तिलावा’चे उदाहरण आणखी वेगळे आहे. मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे हे दहा हजार टनांचे जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने हिंदी महासागरात बुडविले. ९५८ जणांपैकी २८० दगावले. त्यानंतर जवळजवळ पाऊण शतक जहाजाचे नाव फारसे कोणी घेतले नाही. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने त्यातील २,३६४ चांदीच्या विटा समुद्रतळातून काढल्या, त्यांच्यावरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदीची वीट न् वीट मोजली गेली. माणसांची मोजणी मात्र वंशजांना करावी लागली. विविध देशांत विखुरलेल्या कुटुंबांनी नावे, छायाचित्रे व आठवणी जमवल्या आणि ऐंशी वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०२२ मध्ये, मुंबईत स्मरणसभा घेतली. वाङ्मयीन मूल्याच्या दृष्टीने या संकलनात सांगण्यासारखे थोडे आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र गीत आणि स्मरणलेख या दोहोंपेक्षा ते सरस ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण यादी कोणालाही नायक करत नाही आणि कोणाला गाळतही नाही.

‘रामदास’ला असे संकलन का लाभले नाही? प्रवासी गरीब होते, हे एक उत्तर. दुसरे थोडे अवघड आहे. बोटीची मालक असलेली सहकारी कंपनी स्वदेशी भावनेतून उभी राहिलेली. कोकणी माणूस तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत असे. बोटींना संतांची नावे होती. जे ‘माझे’ आहे त्याच्या दोषांची चिकित्सा करण्यास मन धजावत नाही, आणि मग दोष दर्याच्या माथी जातो. हा अर्थातच तर्क आहे. परंतु स्मरणलेखांची करुण आणि निर्वैर भाषा त्याला दुजोरा देते.

बारामती-इंदापूरच्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उघडे पडते आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकतात. त्या पाण्याखाली कोणाची घरे गेली, याची नोंद छायाचित्रात नसते. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. दोन्ही तीरांवरचे नावाडी, मच्छीमार आणि नातेवाईक आज बोलू शकतात. इतिहास आणि मराठी या विभागांचे विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन कळाशीला एका दिवसात जाऊन येतील. रेवसच्या बाबतीत एवढी उसंत नाही : ‘रामदास’ बुडाली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे.