टेबल काढून घेतलेली वस्तू

महाड-पोलादपूरकडच्या शाळांत चित्रकला म्हणजे आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. आमच्या वेळी वस्तुचित्राला टेबलावर चादर, चादरीवर लोटा, लोट्याशेजारी वांगं नाहीतर सफरचंद. सर बजावायचे, आधी टेबलाची कड आखा, नाहीतर लोटा हवेत तरंगेल. आणि लोटा तरंगला की मार्क गेले. प्रभाकर बरव्यांची चित्रं पुढे कधीतरी पाहिली तेव्हा पहिल्यांदा सरांचं हेच वाक्य आठवलं. या माणसानं सरळ टेबलच काढून घेतलं होतं, आणि वस्तू पडल्या नव्हत्या.

बरवे आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १६ मार्च १९३६, गाव अलिबागजवळचं नागाव; जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा. ते समुद्राकाठचे, नारळी-सुपारीच्या वाड्यांतले; आपण सावित्रीकाठचे, घाटाच्या पायथ्याचे. जिल्हा एक असला तरी महाडच्या माणसाला अलिबाग आठवतं ते कलेक्टर कचेरीचं काम निघालं की. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर बरव्यांच्या नात्यातले, आजोबांच्या पिढीतले. करमरकरांचं शिल्पालय पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. त्याच तालुक्यातल्या चित्रकाराचं नाव घेतलं तर मात्र ‘कोण बर्वे?’ असं ऐकू येतं. पुतळा समोर उभा असतो, घोडा घोड्यासारखा दिसतो. तरंगणाऱ्या पानाचं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण १९५९ साली संपलं. १९६१पासून बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, ते थेट १९८२पर्यंत. पहिली चारेक वर्षं वाराणसीत गेली. तिथे त्यांना तंत्रमार्गातल्या आकृत्या भेटल्या, आणि समीक्षकांनी त्यांना लगेच तांत्रिक चित्रकारांच्या रांगेत बसवलं. मला ते पटत नाही. त्या काळातली त्यांची चित्रं नीटस आहेत, पण त्यांतले त्रिकोण आणि बिंदू उसने वाटतात. साठच्या दशकात हे उसनं बऱ्याच जणांनी घेतलं होतं. वाराणसीनं त्यांना खरं काही दिलं असेल तर ते मागानं दिलं. साडीवरची बुट्टी कशावर टेकलेली नसते. तिला जमीन नसते, क्षितिज नसतं. शेजारच्या बुट्टीपासूनचं अंतर हाच तिचा आधार. वीस वर्षं असली अंतरं मोजणाऱ्या माणसाला टेबलाची गरज उरली नाही, यात नवल ते काय? पॉल क्ले त्यांचा आवडता चित्रकार होता हे खरं. पण नोकरीतलं रोजचं काम माणसाच्या हाताला काय लावतं, याचा हिशेब आपली समीक्षा फारसा ठेवत नाही.

पुढचा टप्पा रंगाचा. बरव्यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला. हा रंग महाडच्या बाजारपेठेत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो; शटरला, खिडकीच्या गजांना आपण जो ‘ऑइलपेंट’ मारतो तोच. तो स्वतःहून पसरतो, सपाट होतो, ब्रशचा माग पुसून टाकतो. तैलरंगात चित्रकाराचा हात दिसतो, मनगटाचा झटका दिसतो. एनॅमलमध्ये हात गायब. म्हणून बरव्यांचं पान, किल्ली, घड्याळ, ढग कुणी रंगवल्यासारखे वाटत नाहीत. ते तिथे आपोआप उमटल्यासारखे वाटतात. आकार ओळखीचे, पण त्यांचं वजन गेलेलं. सफरचंदाएवढा डोंगर आणि डोंगराएवढं सफरचंद एकाच चित्रात असू शकतं, आणि खरं माप कुठलं असा प्रश्न पडत नाही.

बरव्यांना अमूर्त चित्रकार म्हटलं की कट्टर मंडळींचा आक्षेप असतो, मग हे अमूर्त कसलं? वस्तू तर दिसतात. चित्रकार गायतोंड्यांच्या कामात शोधूनही वस्तू सापडत नाही. त्यांना ‘अमूर्त’ हा शब्दसुद्धा नको होता, वस्तुनिरपेक्ष म्हणा, असा त्यांचा आग्रह. वाद शब्दाचा आहे. बरवे वस्तू ठेवतात आणि तिचा उपयोग काढून घेतात. किल्लीला कुलूप नाही, घड्याळाला वेळ नाही. उरतो तो आकार आणि दोन आकारांमधली रिकामी जागा. मला विचाराल तर अमूर्ताकडे जाण्याची ही वाट आपल्यासारख्यांना अधिक सोयीची, कारण ती ओळखीच्या उंबऱ्यावरून निघते.

२२ जुलै २०२१ला महाडमध्ये पाणी शिरलं. ओसरल्यावर घरात पाऊल टाकलं तेव्हा चिखलाच्या एकसारख्या थरावर वस्तू पडल्या होत्या: पातेलं, चप्पल, बंद पडलेलं घड्याळ, देवघरातली घंटा. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, आणि कुठलीच आपल्या जागी नाही. क्षणभर बरव्यांचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शेजारी माणसं गाळ उपसत होती. ही तुलना योग्य नाही, हे मला कळतं. पण सुटतही नाही. फरक एवढाच सांगतो, पुरानं वस्तू विस्कटल्या होत्या. बरव्यांकडे त्या मांडलेल्या असतात, आणि त्या मांडणीत एक विलक्षण शांतपणा असतो.

सगळीच चित्रं अशी उतरत नाहीत. काही ठिकाणी मांडणीचं कोडं होतं; एकदा सुटलं की पुन्हा पाहावंसं वाटत नाही. चित्राचं नाव चित्रापेक्षा जास्त बोलतं, असंही होतं. पण हा धोका त्यांना ठाऊक असावा. रोजच्या डायऱ्यांत ते चित्रांविषयी सतत टिपणं करत, छोटी रेखाटनं काढत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक मौजेनं काढलं. मराठीत चित्रकारानं स्वतःच्या भाषेत आकार आणि अवकाशाचा इतक्या सलगपणे विचार केल्याची उदाहरणं फार नाहीत.

मराठी मुलखानं अमूर्ताला पळशीकर दिले, गायतोंडे दिले, अकोल्याचे आंबादास दिले, पुढे सिंधुदुर्गातले प्रभाकर कोलते. आज अवस्था काय? डिसेंबर २०१३मध्ये मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, आणि अमूर्त म्हणजे गूढ, मौन आणि किंमत असं समीकरण पक्कं झालं. मोठ्या कॅनव्हासवर पुसट रंगांचे थर, मधे एक उजळ पट्टा: असली चित्रं हॉटेलांच्या लॉबीत ढिगानं दिसतात. गायतोंड्यांची नक्कल करणं सोपं वाटतं, म्हणून नकलाकार पुष्कळ. बरव्यांची नक्कल करायला आधी विचार करावा लागतो, म्हणून वारस कमी. माझी तक्रार लिलावावर नाही. एकाच प्रकारच्या शांततेला आपण सगळं अमूर्त मानून बसलो, यावर आहे.

बरवे ६ डिसेंबर १९९५ला गेले, साठीही गाठली नव्हती. फेब्रुवारी २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला अमोल पालेकरांचं भाषण मधेच अडवलं गेलं आणि दोन दिवस सगळीकडे त्याचीच बातमी. ती बातमी महत्त्वाची होतीच. पण आमच्या भागात बरव्यांचं नाव पहिल्यांदा पोचलं ते त्या वादाच्या शेपटाला बांधून, चित्राशिवाय.

मध्यंतरी पोलादपूरकडच्या एका शाळेत सरावाचा वर्ग चालू होता, मी मागच्या बाकावर बसलो होतो. सातवीतल्या एका मुलीनं तांब्या सुरेख काढला होता, कडेवरची उजेडाची रेघसुद्धा. टेबल मात्र विसरली होती. कोऱ्या कागदाच्या बरोबर मधे तांब्या, भोवती काहीच नाही. सर आले, त्यांनी तिच्याच पेन्सिलनं खाली एक आडवी रेघ मारून दिली आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्यांचंही चुकलं नव्हतं, परीक्षा महिन्यावर आली होती.