आराखड्यापासून प्रतिरूपापर्यंत : फराहबागेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

वास्तूचा प्रमाणबद्ध आराखडा हा मूलतः एक आडवा छेद होय. जमिनीपासून साधारण तीन-चार फुटांवर इमारत कापली आहे, वरचा भाग दूर केला आहे आणि उरलेल्या भागाकडे वरून पाहिले आहे, अशी कल्पना करून तो काढला जातो. भिंती, दारे, खिडक्या, जिने यांची जागा त्यात अचूक कळते. उंची मात्र कळत नाही. कमानीचा घाट, घुमटाची वक्रता, छताची जाडी या गोष्टी आराखड्याच्या कक्षेबाहेरच राहतात. अशा आराखड्यांवरून संगणकावर त्रिमित प्रतिरूप उभे करण्याचे तंत्र आज सर्वत्र रूढ झाले आहे. नव्या सदनिकांच्या बाबतीत त्याची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि हेच तंत्र अहमदनगरच्या (२०२४ च्या नामांतरानंतर अहिल्यानगर) निजामशाही वास्तूंना जसेच्या तसे लावले असता काय घडते, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

फराहबागेचा आराखडा :

शहराच्या आग्नेयेस, एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभा असलेला फराहबाग महाल सलाबत खानाच्या देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झाला. महाल दुमजली व अष्टकोनी असून मध्यभागी घुमटाचे उंच दालन आहे. (ताजमहालाशी त्याचे नाते जोडण्याची स्थानिक हौस मोठी आहे, पुराव्याचे बळ तेवढे नाही.) निजामशाही वास्तुकलेचा स्वतंत्र विचार मांडणारा पुष्कर सोहोनी यांचा 'द आर्किटेक्चर ऑफ अ डेक्कन सल्तनेट' हा ग्रंथ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे या वास्तूंकडे केवळ पर्यटनस्थळे म्हणून पाहण्याचे दिवस संपले, असे म्हणावयास हरकत नाही.

अशा वास्तूचा छापील आराखडा संगणकात घेताना पहिली अडचण प्रमाणाची येते. मूळ रेखाटनावर '१:१००' असे लिहिलेले असते; पुस्तकाच्या पानात बसविण्यासाठी ते लहान केले जाते आणि लिहिलेला आकडा त्या क्षणी खोटा ठरतो. रेखाटनाबरोबर लहान होणारी मापपट्टी तेवढी खरी राहते. म्हणून अनुभवी आरेखक आकड्यावर नव्हे, पट्टीवर विसंबतो. तरीही सूक्ष्मतेला मर्यादा आहेच. १:१०० या प्रमाणात अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे प्रत्यक्षात पाच सेंटिमीटर. रेघेची आतली कड धरावी की बाहेरची, या एका निर्णयाने दालनाचे माप बदलते. संगणक मात्र तेच माप दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दाखवतो. ही अचूकता यंत्राची आहे, मोजणीची नव्हे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. प्रतिरूप घडविणाऱ्या आज्ञावलींचे शब्दभांडार सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याचे आहे. त्यांना 'भिंत' म्हणजे एकसारख्या जाडीच्या दोन समांतर रेषा एवढेच ठाऊक असते. जुन्या दगड-चुन्याच्या बांधकामात भिंत अशी नसते. तेथे एक भरीव वस्तुमान असते आणि त्यातून दालने, कोनाडे, क्वचित जिनेसुद्धा कोरून काढल्यासारखे भासतात. आराखड्यात जे काळे भरलेले असते ते अष्टकोनाच्या कोपऱ्यांत कोठे जाड तर कोठे निमुळते होते. आज्ञावलीत त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला 'भिंत' म्हणावे लागते. आकार उतरतो, पण बांधणाऱ्याचा विचार निसटतो.

आराखडे आपोआप वाचणाऱ्या प्रणालींचा दावा येथे तपासून पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या, चित्रापासून रेषाकृती मिळवणाऱ्या एका बहुचर्चित पद्धतीत भिंती फक्त आडव्या वा उभ्या असतात, असे गृहीत धरले होते. २०१९ मधील 'क्युबिकासा ५के' या संग्रहात पाच हजार आराखडे आहेत. ते प्रामुख्याने फिनलंडमधील घरांचे आहेत. फिनलंडच्या घरांवर शिकलेल्या यंत्रापुढे फराहबागेच्या तिरप्या बाजू ठेवल्यास ते गोंधळणार, हे उघड आहे. मधल्या दालनाचे तर विचारूच नये. ते दोन्ही मजल्यांची उंची व्यापते. वरच्या मजल्याच्या आराखड्यात तेथे पोकळी असते. यंत्र तिला खोली समजून फरशी घालू शकते, आणि वास्तूचा आत्माच झाकला जातो.

याउलट जिल्ह्यातील जुने वाडे व धाब्याची घरे या तंत्राला अधिक अनुकूल ठरावीत. तेथे घराचे मोजमापच 'खणां'त सांगितले जाते. इतक्या खणांचा सोपा, इतक्या खणांचे माजघर. लाकडी खांब व तुळया यांच्या अंतरावर बेतलेले हे एकक प्रतिरूपातही एकक म्हणून वापरता येईल. मात्र त्यासाठी आज्ञावलीत 'खण' ही वस्तू आधी निर्माण करावी लागेल. ते काम मराठी जाणणाऱ्या वास्तुविशारदाखेरीज कोणी करील, असे दिसत नाही.

सममितीचा मोह :

सर्वांत गंभीर आक्षेप सममितीसंबंधी आहे. अष्टकोन पाहिला की एक भाग मोजून तो मध्याभोवती फिरविण्याचा मोह होतो. काही आज्ञांत काम पूर्ण होते. परंतु फराहबाग भग्न आहे. गिलावा गळालेल्या, ढासळलेल्या भागांची जागा शाबूत भागाची नक्कल घेते आणि पडद्यावर जी वास्तू दिसते ती १५८३ ची नसते, आजचीही नसते. हेच प्रतिरूप पुढे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाचा आधार झाले तर नक्कल दगडात उतरेल. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे उदाहरण येथे बोलके आहे. अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये लेझरने प्रत्यक्ष वास्तूची मोजणी केली होती. तीमध्ये खांबांचे कलणेही नोंदले गेले, कारण ते कोणी सरळ मानून घेतले नव्हते. २०१९ च्या आगीनंतर त्या नोंदींचे मोल जगाला कळले.

वारसावास्तूंच्या संगणकीय चित्रणासाठी २००६ मध्ये तयार झालेल्या 'लंडन चार्टर'ने पुरावा आणि अनुमान यांतील भेद प्रेक्षकाला कळला पाहिजे, असा आग्रह धरला आहे. फराहबागेच्या प्रतिरूपात हे पाळणे कठीण नाही. प्रत्यक्ष मोजलेला भाग एका रंगात, सममितीवरून पूर्ण केलेला दुसऱ्या, आणि केवळ तर्काने घातलेला तिसऱ्या रंगात दाखविता येतो. घुमटाची उंची मात्र कोणत्याच रंगाने सुटणार नाही. तिच्यासाठी मधल्या दालनातून, एकमेकांस काटकोनात, दोन उभे छेद जागेवर मोजूनच काढावे लागतील.