‘वस्त्रहरण’ आणि दशावतारी नटाचा व्यवसाय

मुंबई-गोवा महामार्गावर कसाल येथे मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. तुळशीच्या लग्नानंतर या परिसरातील गावोगावी जत्रा भरतात आणि रात्रभर दशावतार चालतो. येथील मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीवर रुजविणाऱ्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या नाटकाचा विचार आजवर बहुधा बोली व विनोद या अंगांनी झाला. श्रमिक कलावंताला व्यवसायात प्रवेश कसा मिळतो, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात त्याकडे पाहावयाचे आहे.

नाटकातील गावकरी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग बसवितात. कच्चे पाठांतर आणि ऐनवेळचे गोंधळ यांतून हशा निर्माण होतो. ही मंडळी हौशी आहेत. परंतु शहरी प्रेक्षकाने त्यांनाच कोकणातील नटाचे प्रातिनिधिक रूप मानले. हा दोष नाटककाराचा नसून आपल्या वाचनाचा आहे. दशावतारी नट लिखित संहितेवाचून, केवळ कथानकाच्या आधारे संवाद रचतो. देव, राजे, ऋषी यांच्या मुखी संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी असते, तर मालवणी संकासुराकडे व हास्यपात्रांकडे येते. रंगभूषा तो स्वतः करतो. स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. गवाणकरांनी पांडव-कौरवांनाच मालवणी बोलावयास लावून ही भाषिक उतरंड उलटी केली. त्यांचे हे धाडस मोठेच होते. मात्र त्या उलथापालथीत, मूळ उतरंड सांभाळत रात्रभर बोलणाऱ्या नटाचे कसब समीक्षेच्या दृष्टीआड राहिले.

गवाणकरांचा स्वतःचा मार्गही बोलका आहे. राजापूर तालुक्यातून ते मुंबईस आले, आरंभी स्मशानात रात्री काढल्या आणि पुढे नोकरी सांभाळून लिहीत राहिले. ‘आज काय नाटक होवचा नाय’ या एकांकिकेतून ‘वस्त्रहरण’ सिद्ध झाले. मच्छिंद्र कांबळी यांचे हे नाटक आरंभी चालले नाही, पु. ल. देशपांडे यांनी प्रशंसा केल्यानंतर ते उभे राहिले आणि प्रयोगसंख्या पाच हजारांपलीकडे गेली. मुंबईतील पगार, हौशी रंगभूमीचा सराव आणि एका मान्यवराचा शब्द, असा हा प्रवेशमार्ग होता. प्रतिभा होतीच, पण मान्यवराने ते नाटक पाहिलेच नसते तर काय झाले असते, हा प्रश्न उरतो.

दशावतारी नटाला यांपैकी पहिले दोनही मिळत नाहीत. त्याची रात्र रंगमंचावर जाते आणि दिवस शेतीत, आंबा-काजूच्या बागेत किंवा रिक्षावर. पावसाळ्यात जत्रा नाहीत, म्हणून त्या नाटकांचे मानधनही नाही. किरकोळ भूमिकांपासून राजपार्टापर्यंत पोहोचणे आणि एका कंपनीतून दुसरीत जाणे, एवढीच त्याची बढती. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी तर स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय करून ठाकर समाजाच्या चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती बहुतांश आयुष्य सरल्यावर. ज्येष्ठ कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. ती आवश्यकच आहे. तथापि तिचा आरंभ उतारवयात होतो व कलेच्या सेवेचे पुरावे द्यावे लागतात. ज्या कलेला संहिताच नाही, तिचा नट कागद कोठून आणणार? विशी ते पन्नाशी या कर्त्या वयाचा विचार धोरणात फारसा आढळत नाही. प्रशिक्षण म्हटले की मुंबईस जाऊन राहणे आले, आणि मुंबईस गेला की हंगाम बुडाला.

या बाबतीत महाविद्यालयेही निर्दोष नाहीत. जत्रांच्या दिवसांत पहाटे रंग पुसून सकाळच्या तासाला येणारा आणि मागच्या बाकावर डुलक्या घेणारा विद्यार्थी माझ्या वर्गात होता. युवा महोत्सवातील एकांकिकेसाठी गैरहजर राहणाऱ्यांना सवलत मिळे. याची गैरहजेरी मात्र गैरहजेरीच ठरे. तोंडी परीक्षेत मी त्यास ‘वस्त्रहरण’मधील विनोदाविषयी विचारले. तो अडखळला. आदल्या रात्री त्याने दुर्योधन केला होता, हे मला नंतर इतरांकडून कळले. तोवर गुणपत्रक पाठवून झाले होते.