एका मुलासाठी काढलेलं बेट

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी वाचताना तिच्या आरंभीचा नकाशा बहुतेक जण घाईघाईने उलटतात. खरं तर आधी जन्माला आला तो नकाशाच. १८८१ चा उन्हाळा. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाने घरच्यांना कोंडून घातलं होतं. स्टीव्हन्सनचा तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड शाई आणि रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसे. त्याला सोबत म्हणून स्टीव्हन्सनही रंगवायला बसला, आणि त्यातून हे बेट निघालं. मागोमाग कथा सुरू झाली. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरच्यांना वाचून दाखवायचं, असा क्रम पडला. १८८३ साली पुस्तक निघालं, ते अर्पणही लॉइडलाच केलेलं आहे.

नकाशा समोर ठेवून सावकाश पाहावा. लाल फुल्यांमागे खजिना आहे, हे कळायला वेळ लागत नाही. पण नजर खरी गुंतते ती किनाऱ्यापाशी. पाण्यात जागोजागी बारीक आकडे आहेत. ती खोली आहे, वावांमध्ये मोजलेली. एका ठिकाणी प्रवाहाला जोर असल्याचा इशारा दिला आहे, तर दुसरीकडे तळ वाईट असल्याचा. दिशाचक्र आहे, मैलांची मोजपट्टी आहे. हे बेट कुठल्याच समुद्रात नाही; तरी त्याच्याभोवतीचं पाणी इमानाने मोजलेलं आहे.

ही नजर घरातली होती. स्टीव्हन्सनचे वडील थॉमस आणि आजोबा रॉबर्ट दोघेही दीपस्तंभ बांधणारे अभियंते, आणि हा स्वतःही आधी अभियांत्रिकीच शिकलेला. गलबत खडकावर आपटू नये यासाठी ज्या घराने हयात घालवली, त्या घरातला माणूस मुलासाठी खोटं बेट काढतो, तेव्हाही धोक्याच्या जागा नोंदवल्याशिवाय त्याला राहवत नाही. या नकाशातलं प्रेम मला या नोंदींमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. मुलाचंच तर आहे, म्हणून काही उरकून टाकलेलं नाही.

आणि नकाशाने ही निष्ठा व्याजासकट परत केली. बेटाला सहज म्हणून दोन बंदरं काढली होती. ती होती म्हणूनच कथेतलं गलबत ‘हिस्पॅनिओला’ एका बंदरातून सुटून दुसऱ्यात जाण्याचा तो थरारक प्रसंग सुचला, असं स्टीव्हन्सनने १८९४ साली लिहिलं. ‘स्केलेटन आयलंड’ हे नावही आधी पडलं आणि त्याला साजेसा सांगाडा कथेत मागाहून आला.

आज पुस्तकात दिसतो तो नकाशा मात्र दुसरा आहे. पहिला प्रकाशकाकडे धाडला आणि गहाळ झाला. मग स्टीव्हन्सनने अख्खी कथा पुन्हा वाचून त्यातले सगळे उल्लेख टिपले आणि कंपास घेऊन त्यांच्याशी जुळणारं बेट नव्याने आखलं. हे काम वडिलांच्या कचेरीत झालं. तिथे नकाशावर देवमासे आणि गलबतं चढली. वळणं बदलून लिहिण्यात वडिलांचा हात चांगला होता. कथेतला चाचा कॅप्टन फ्लिंट याची सही आणि त्याचा साथीदार बिली बोन्स याच्या सूचना त्यांनीच हुबेहूब उतरवल्या. दीपस्तंभांचे आराखडे काढणारा वृद्ध अभियंता चाच्याची बनावट सही मन लावून गिरवतो आहे, हे या नकाशाच्या चरित्रातलं मला सर्वांत आवडणारं पान. तरीही हे नवं बेट स्टीव्हन्सनला कधी आपलं वाटलं नाही. बरोबर आहे, पहिलं पावसात, मुलाशेजारी बसून रंगवलेलं होतं.

नकाशात एक गोष्ट मुद्दाम दडवली आहे. कथा सांगणाऱ्या जिम हॉकिन्सने अक्षांश-रेखांश खोडून टाकले आहेत, अशी नोंद त्यावरच आहे. कारण कथेप्रमाणे काही खजिना अजून तिथेच आहे. परक्याला बेट दिसेल, पण सापडणार नाही. भेट म्हणून काढलेल्या नकाशात एवढा खासगीपणा असायलाच हवा.

आपल्या माणसासाठी असं बेट काढायला बसणाऱ्याने खजिन्याची फुली सगळ्यात शेवटी मारावी. आधी नांगर टाकायला बरी जागा शोधावी, पाण्याची खोली लिहावी, ओढ कुठे आहे ते सांगावं. आपल्या माणसाचं गलबत सुखरूप लागावं, ही काळजी त्या आकड्यांमधून दिसली की नकाशा भेट म्हणून पुरा झाला.