वेताळाचे चित्र आणि विक्रमाचा खांदा

भुताखेतांच्या चित्रांचे प्रदर्शन कोणी भरवायचे ठरवले, तर पहिली भिंत उज्जैनच्या वेताळाला द्यावी लागेल. क्षिप्राकाठचे स्मशान, काळोखी रात्र, झाडाला लटकलेले प्रेत आणि ते खांद्यावर टाकून निघालेला राजा विक्रम! ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचण्याआधी चित्रातच पाहिलेली असते. म्हणून त्या चित्रांनी कथेला कितपत न्याय दिला, हे एकदा तपासून पाहायला हवे.

मराठी घरांत हे चित्र आले ते 'चांदोबा'तून. मद्रासचे चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन (१९२४-२०२०), यांनी रेखाटलेला तो विक्रम आठवा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती कवट्या आणि साप. भीतीचे सगळे सामान तिथे आहे. पण ते मागे ठेवलेले आहे. राजा त्याची दखल घेत नाही, तो चालतो आहे. आपली नजर ठरते ती त्याच्या खांद्यावरच्या ओझ्यावर. याउलट १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागर यांच्या 'विक्रम और बेताल' मालिकेत सज्जन यांचा बेताल मुलांच्या मनात राहिला तो हसण्याने आणि उडून जाण्याने. करमणूक झाली, पण ओझे हलके झाले.

मूळ कथेतले भय भुताचे नाहीच. ते अटीचे आहे. बोललास तर मी पुन्हा झाडावर जाईन. आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास तर तुझे मस्तक फुटेल. बोलावे तर हातचे जाते, न बोलावे तर जीव जातो. शंकर यांच्या चित्रातले मिटलेले ओठ हा पेच सांगतात, म्हणून ते चित्र मोठे.

हा राजा मुळात उज्जैनचाच होता असेही नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त तो गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. पुढे लोकांनी त्याला उज्जैनच्या विक्रमादित्यात मिळवून टाकले. शिंद्यांबरोबर माळव्यात गेलेली मराठी घरेही अशीच तिथली झाली. १८१०पर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्या घरांत आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळवी-हिंदी. सीमाभागातल्या आपल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. कचेरीत कोणत्या भाषेत तोंड उघडावे, शाळेच्या अर्जावर मातृभाषा कोणती लिहावी, हे प्रश्न आपल्याही खांद्यावर बसून विचारत असतातच.

मात्र चित्रकारांची एक उणीव राहिलीच. सगळे जण वाटेतला विक्रम काढतात. शेवटच्या खेपेचा सहसा कोणी काढत नाही. त्या खेपेला वेताळ नात्याचे कोडे घालतो. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजाला उत्तर सापडत नाही. तो खरोखरच गप्प होतो आणि त्या प्रामाणिक मौनावर वेताळ प्रसन्न होतो. एवढेच नव्हे, प्रेत आणायला धाडणाऱ्या साधूचा कपटी बेत सांगून तो राजाचा जीव वाचवतो. भूतच तारणारे ठरते! जाणणाऱ्याचे मौन आणि न जाणणाऱ्याचे मौन यांतला फरक एका चेहऱ्यावर दाखवणे अवघड खरे, पण या कथेचे खरे चित्र तेच.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादा जुना 'चांदोबा' निघाला, तर ते पान मुलांना जरूर दाखवावे. गोष्ट मात्र तोंडी सांगावी, आपल्या भाषेत. आणि वेताळाचा प्रश्न आला की थोडे थांबावे. उत्तर मुलांना देऊ द्यावे, त्यांना सुचेल त्या भाषेत.