ऑक्टोपसला मास्तर कुणी केलं?

‘माय ऑक्टोपस टीचर’ हा माहितीपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. कामाने पिचून गेलेला क्रेग फॉस्टर केपटाउनजवळच्या थंड समुद्रात बुड्या मारू लागतो. उंच समुद्री शेवाळाच्या जंगलात त्याला एक ऑक्टोपस मादी भेटते. तो रोज तिच्याकडे जातो. हळूहळू तिची भीड चेपते, ती त्याच्या हाताला बिलगते. सिनेमा मला मनापासून आवडतो. खटकतं ते त्याचं नाव. त्यातला ‘टीचर’.

ही मादी हुशार आहे, यात शंकाच नाही. शार्क मागे लागल्यावर ती शिंपले-दगड गोळा करून अंगाभोवती चिलखत करते आणि शेवटी थेट शार्कच्या पाठीवर जाऊन बसते. तिच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यातल्या बहुतेक मेंदूत नाहीत, आठ हातांत आहेत. पण ती कुणाला शिकवते का?

टिम कॅरो आणि मार्क हाउझर यांनी १९९२ साली प्राण्यांच्या शिकवण्याला एक साधी कसोटी लावली. नवशिक्यासमोर जाणत्याने आपलं वागणं बदललं पाहिजे, त्यात त्याचा लगेच फायदा नसावा आणि नवशिक्याने त्यातून काहीतरी शिकावं.

या कसोटीला उतरणारा प्राणी त्याच देशात, कलहारीच्या वाळवंटात आहे. मीरकॅट लहान पिल्लांना मेलेला विंचू आणून देतात, जरा मोठी झाली की नांगी काढलेला, मग जिवंत. हे संशोधन २००६ चं. गंमत म्हणजे संशोधकांनी मोठ्या पिल्लांचा आवाज ध्वनिमुद्रणातून ऐकवला, तेव्हा मोठे मीरकॅट चिमुकल्यांनाही जिवंत शिकार देऊ लागले. म्हणजे विद्यार्थ्याचं मन न ओळखताही शिकवता येतं. त्याच वर्षी एका मुंगीचाही अभ्यास आला. ती दुसरीला अन्नाकडे नेताना मागचीचा स्पर्श होईपर्यंत थांबते. एकटी असती तर कितीतरी आधी पोचली असती.

बाजरीच्या दाण्याहून लहान मेंदूची मुंगी शिकवते. ऑक्टोपस शिकवत नाही. कारण अक्कल कमी म्हणून नव्हे. ऑक्टोपसची आई उपाशी राहून अंडी राखते आणि पिल्लं बाहेर पडताना मरते. पिल्लं समुद्रात वाहून जातात. शिकवायला कुणी उरतच नाही. प्रत्येक ऑक्टोपस जगणं पहिल्यापासून, एकट्याने शिकतो आणि तेही छोट्याशा आयुष्यात.

सिनेमात हे सगळं दिसतं. तिचं मरणही दिसतं. पण कॅमेरा पुन्हा फॉस्टरकडे वळतो : तो कसा सावरला, मुलाशी त्याचं नातं कसं जुळलं. शिकला तो, हे खरंच. पण तिने शिकवलं नाही. ती आपलं पोट भरत होती, जीव वाचवत होती. तिला गुरूची गादी देऊन आपण तिचा मान वाढवला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचं आयुष्य आपल्या उपयोगाचं झालं, तेव्हाच ते आपल्याला मोठं वाटलं.

‘प्राणी माणसासारखा विचार करतात का?’ या प्रश्नातही हीच खोड आहे. त्यातला ‘माणसासारखा’ हा शब्द काढून बघा. मग मुंगी, मीरकॅट आणि ऑक्टोपस एकाच शिडीच्या वरखाली पायऱ्या राहत नाहीत. हा सिनेमा पुन्हा बघाल तेव्हा फॉस्टरचा आवाज थोडा वेळ बंद करा. तिच्याकडेच बघत राहा. तिला गुरू नव्हता आणि तिला शिष्यही नको होता.